लग्नानंतर नाव बदललं. प्लॉट-फ्लॅटच्या कागदांचं काय करायचं?

पत्र: लग्नाआधी, २०१६ मध्ये, मी नागपुरात प्रतापनगरला फ्लॅट घेतला. त्याचं कर्ज अजून चालू आहे. २०१७ मध्ये वडिलांनी बेसा इथला १५०० चौरस फुटांचा प्लॉट मला बक्षीसपत्राने दिला. २०१९ मध्ये लग्न झालं. माझं स्वतःचं नाव तेच राहिलं, पण आधार आणि पॅनवर आता नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव आहे. दोन्ही दस्तांवर आणि सातबाऱ्यावर मात्र माहेरचंच नाव आहे. प्लॉट विकून फ्लॅटचं कर्ज फेडायचा विचार आहे. दलाल म्हणतो, चूक दुरुस्ती लेख करा आणि वडिलांना रजिस्ट्रीला घेऊन या. वडिलांना आता जिना चढवत नाही. एका कार्यालयात सांगितलं, गॅझेट आणा. सासरे म्हणतात, एवढं करतेच आहेस तर नवऱ्याचंही नाव लावून घे. नेमकं काय करू? — एक वाचक, नागपूर

नमस्कार ताई,

आधी वडिलांची काळजी मिटवू. चूक दुरुस्ती लेख करायचा नाही, आणि त्यांना कुठेही न्यायचं नाही.

मूळ दस्त लिहिताना काही चुकलं असेल तर ते सुधारायला चूक दुरुस्ती लेख असतो. प्लॉट नंबर १७ च्या जागी ७१ पडला, चतुःसीमेत पूर्व-पश्चिम उलट झाली, नावातलं एखादं अक्षर बदललं, अशा वेळी तो करतात. तुमच्या दस्तात चूकच नाही. २०१६ आणि २०१७ साली तुमचं जे नाव होतं तेच त्यात लिहिलंय. त्यानंतर लग्न झालं म्हणून आधीचा दस्त चुकीचा ठरत नाही. उलट असा लेख केलात तर आधीच्या दस्तात नाव चुकलं होतं, असं तुम्हीच नोंदणीकृत कागदावर लिहून दिल्यासारखं होईल. मग उद्याच्या खरेदीदाराचा वकील विचारेल, चुकलं होतं तर इतकी वर्षं गप्प का होतात? शिवाय या लेखावर मूळ दस्तातल्या दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात. प्लॉटला वडील आणि फ्लॅटला बिल्डर. आठ-दहा वर्षांनी बिल्डरच्या फर्मचे भागीदार शोधत फिरायचं, वर मुद्रांक, नोंदणी फी आणि दलालाची दलाली भरायची, आणि हाती काय, तर नसलेल्या चुकीची दुरुस्ती.

इंडेक्स टू बदलून मागू नका. तो त्या दस्ताचा गोषवारा आहे. दस्त जसा आहे तसाच तो राहणार.

कायद्याच्या नजरेत मालक बदललेला नाही. मालकीण तेव्हाही तुम्हीच होतात, आताही तुम्हीच आहात. प्रश्न फक्त इतकाच आहे की माहेरच्या नावाची बाई आणि सासरच्या नावाची बाई एकच, हे कागदावरून कोणालाही दोन मिनिटांत पटलं पाहिजे. तुम्हाला जे करायचंय ते हा दुवा पक्का करायचं काम आहे, दस्तांना हात लावायचं नाही.

आता आणखी एक गोष्ट, जी कार्यालयांच्या खिडकीवर सहसा कोणी सांगत नाही. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, आणि बदललं तरी मिळकतीवरचं नाव बदललंच पाहिजे असंही नाही. सरकारी कागदांत आईचं नाव लावण्याचा जो निर्णय मार्च २०२४ मध्ये झाला आणि १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लागू झाला, त्याच निर्णयात विवाहित स्त्रियांबद्दलही लिहिलंय. लग्नानंतर स्वतःचं नाव, पतीचं नाव, आडनाव ही चालू पद्धत सुरू राहील, पण विवाहित स्त्रीला आपल्या मालमत्तेच्या दस्तऐवजात विवाहापूर्वीचं नाव नोंदवायची मुभा असेल, असं त्यात आहे. आईच्या नावाची चर्चा इतकी झाली की हे वाक्य मागे पडलं. म्हणजे फ्लॅट विकायचा नसेल, कर्ज सुरळीत फिटत असेल, तर फ्लॅटचे कागद आहेत तसे ठेवले तरी तुमची मालकी तसूभरही कमी होत नाही.

बेशाच्या प्लॉटचं तसं नाही, कारण तो विकायचाय. तिथे नाव जुळवून घेतलेलं बरं. का, ते पुढे येतंच. पण त्याआधी दुव्याचे कागद.

पहिला कागद म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र. लग्नपत्रिका, मंगल कार्यालयाची पावती किंवा भटजींचं पत्र याची जागा घेत नाही. नोंदणी झाली नसेल तर इतक्या वर्षांनंतरही होते. नागपुरात महापालिकेच्या झोन कार्यालयात करतात. दोघांचे वयाचे आणि रहिवासाचे पुरावे, लग्नपत्रिका, लग्नातला फोटो आणि तीन साक्षीदार लागतात. उशिराचं शुल्क किरकोळ असतं. प्रमाणपत्र हातात आलं की तिथेच उभं राहून वाचा. त्यावर वधूचं नाव सहसा माहेरचंच असतं, आणि आपल्याला तेच हवंय. माहेरचं पूर्ण नाव एका बाजूला, नवऱ्याचं पूर्ण नाव दुसऱ्या बाजूला, म्हणजे नवं नाव कुठून आलं ते आपोआप कळतं. पण दस्तावर वडिलांचं नाव पूर्ण आहे आणि प्रमाणपत्रावर नुसतं आद्याक्षर, किंवा आडनावात 'वा'च्या जागी 'व', असं काही असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. पुढच्या प्रत्येक टेबलावर हीच चूक वर येते.

दुसरा कागद गॅझेट, म्हणजे नाव बदलल्याची शासनाच्या राजपत्रात छापलेली सूचना. तुमच्यासारखं फक्त वडिलांचं नाव आणि आडनाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्राने काम व्हायला हवं, आणि बऱ्याच ठिकाणी होतंही. लग्नात पहिलं नावच बदललं असेल, किंवा माहेर-सासर दोन्ही आडनावं लावायची असतील, तर मात्र गॅझेटला पर्याय नाही, कारण तुमचं नवं पहिलं नाव विवाह प्रमाणपत्रावरून कोणाला कळणार? तुम्हाला सक्ती नाही. तरी दोन मिळकती आहेत आणि एक विकायची आहे, म्हणून आमचं मत, गॅझेट करून टाका. अर्ज शासन मुद्रण संचालनालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होतो, एजंटची गरज नाही. जुनं नाव आणि नवं नाव, मराठीत आणि इंग्रजीत, दस्ताशी आणि आधारशी अक्षर न् अक्षर जुळवून मगच पैसे भरा. छापून आलेल्या अंकाची पूर्ण प्रत उतरवून ठेवा. नुसतं आपल्या नावाचं कात्रण कापून ठेवलं तर त्यावर अंकाची तारीख आणि पान क्रमांक नसतो, आणि मग तो कागद कोणी धरत नाही.

तिसरा दुवा तुमच्याकडे आधीच आहे, तो म्हणजे पॅन. नाव बदललं तरी पॅन क्रमांक बदलत नाही. २०१६ च्या विक्रीपत्रात आणि २०१७ च्या बक्षीसपत्रात तुमच्या नावापुढे पॅन छापलेला असेल, तर जुन्या नावाच्या दस्तावर आणि नव्या नावाच्या कार्डावर एकच दहा अक्षरी क्रमांक दिसतो. ओळखीचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही. दस्ताचं ते पान शोधून त्याची झेरॉक्स सगळ्यात वर लावा. माहेरच्या नावाचं जुनं पॅन कार्ड टाकून दिलं नसेल तर तेही जपा. आधारच्या प्रती देताना मात्र पहिले आठ आकडे झाका.

आणि चौथं, प्रतिज्ञापत्र. त्याला लांबलचक मजकूर लागत नाही. साधारण असा चालतो:

'मी, (आत्ताचं पूर्ण नाव), विवाहापूर्वीचे नाव (माहेरचं पूर्ण नाव), वय, व्यवसाय, राहणार, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, माझा विवाह दिनांक … रोजी (पतीचं पूर्ण नाव) यांच्याशी झाला असून विवाह नोंदणी क्रमांक … आहे. मौजा बेसा, पटवारी हलका नं. …, खसरा क्र. …, प्लॉट क्र. …, क्षेत्र १३९.३५ चौ.मी. ही मिळकत दस्त क्र. …/२०१७, दुय्यम निबंधक …, या बक्षीसपत्राने माझ्या विवाहापूर्वीच्या नावे मला मिळाली. वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची, म्हणजे माझीच आहेत. माझा पॅन क्रमांक … दोन्ही नावांसाठी एकच आहे.'

दस्त क्रमांक आणि वर्ष टाकायला विसरू नका. नुसतं 'दोन्ही नावे माझीच' असं मोघम प्रतिज्ञापत्र कुठल्याही मिळकतीला लागू होतं, म्हणून वकील ते बाजूला ठेवतो. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. पाचशेचा स्टॅम्प आणा म्हणून कोणी बाहेर पिटाळलं तर हे सांगा. साध्या कागदावर, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या सेतूत किंवा नोटरीसमोर करता येतं. बँकेला किंवा खरेदीदाराला द्यायचं प्रतिज्ञापत्र मात्र या माफीत बसत नाही, ते स्टॅम्पवर वेगळं करा. दोन्हीसाठी एकच कागद फिरवू नका.

आता बेसा.

सातबाऱ्याची डिजिटल सहीची ताजी प्रत महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत काढा, सोबत ८-अ, म्हणजे खातेउतारा, आणि बक्षीसपत्राने लागलेला फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागल्याची महसुली नोंद, तीही काढा. आधी बघायचं ते हे, की तुमचं नाव तिथे खरंच आहे का. तुम्ही आहे म्हणता, पण आपल्याकडे ले-आऊटच्या प्लॉटांत नेहमीचा घोळ असा की अख्ख्या खसऱ्याचा, म्हणजे सर्व्हे नंबरचा, एकच सातबारा असतो. त्यावर जुना शेतकरी किंवा गृहनिर्माण संस्था, आणि खाली काही प्लॉटधारकांची नावं. ज्यांनी फेरफार लावला त्यांची असतात, इतरांची नसतात. तुमचं नसेल तर आधी बक्षीसपत्राचा फेरफार लावावा लागेल, नाव बदलाचा विषय त्यानंतर. क्षेत्र १३९.३५ चौरस मीटरच दिसतंय ना, तेही बघा.

दुसरं, नावापुढे 'अ.पा.क.' आहे का? म्हणजे अज्ञान पालनकर्ता. तुम्ही २०१७ मध्ये सज्ञान होता, तेव्हा नसावं. पण ज्या मुलींच्या नावे लहानपणी प्लॉट घेतला गेला त्यांच्या सातबाऱ्यावर हा शेरा वीस-वीस वर्षं तसाच राहतो. तो काढायचा अर्ज वेगळा, जन्मदाखल्यासह. नाव बदलाच्या अर्जात तो आपोआप निघत नाही. विक्रीच्या दिवशी लक्षात आलं की सगळं अडतं.

नाव बरोबर असेल तर अर्ज पटवाऱ्याकडे, म्हणजे आताच्या पदनामाप्रमाणे ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्यायचा. विषय लिहा: 'विवाहामुळे नावात झालेल्या बदलाची अधिकार अभिलेखात नोंद घेणेबाबत'. 'मालकी हस्तांतरण' किंवा 'नाव चढवणे' असं लिहू नका. हस्तांतरण म्हटलं की मुद्रांकाच्या पावतीची विचारणा येते. सोबत सातबारा, ८-अ, जुना फेरफार, बक्षीसपत्राची आणि इंडेक्स टूची प्रत, विवाह प्रमाणपत्र, गॅझेट, पॅन, आधार, प्रतिज्ञापत्र. सगळ्या स्वयंसाक्षांकित झेरॉक्स. मूळ कागद दाखवायचे, द्यायचे नाहीत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं धरून चला.

इथे एक अडचण येते, आणि ती समजून घेतली तर डोकं तापत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधलं कलम १४९ सांगतं की जमिनीत हक्क मिळाला तर तीन महिन्यांत कळवा. तुम्हाला नवा हक्क मिळालेलाच नाही. कलम १५५ लेखनातल्या चुका सुधारण्याचं आहे, आणि तुमच्याकडे चूकही नाही. लग्नाने बदललेलं नाव या दोहोंच्या मधे कुठेतरी पडतं. म्हणून एखादा पटवारी अर्जावर सरळ फेरफार घेतो, तर दुसरा म्हणतो, तहसीलदारांचा १५५ चा आदेश आणा, मगच नावाला हात लावतो. कायद्याचा कीस पाडत बसलात तर वाद तुम्ही जिंकाल, पण प्लॉट विकायचा राहील. आदेशच मागितला तर तोच कागदांचा संच नागपूर ग्रामीण तहसीलमध्ये द्या. फक्त अर्जात 'चूक झाली' असं लिहू नका. 'विवाहामुळे नावात बदल झाला असून अभिलेख अद्ययावत करावा' एवढंच लिहा.

फेरफार नोंदवला गेला की तो गाव नमुना ६ मध्ये येतो, चावडीवर प्रसिद्ध होतो आणि हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस जाते. हरकतीला १५ दिवस. ही मुदत कोणी कमी करून देतो म्हटलं तर पैसे देऊ नका, मंडळ अधिकारी त्याआधी नोंद प्रमाणित करू शकत नाही. एका खसऱ्यात पंचवीस प्लॉटधारक असले तर नोटिसा त्यांच्याकडेही जाऊ शकतात. एखाद्याने आपल्याच जुन्या भांडणापायी हरकत घातली तर नोंद विवादग्रस्त नोंदींच्या वहीत जाते आणि सुनावणी लागते. म्हणून नोटीस निघाली की शेजारच्या दोन-तीन प्लॉटवाल्यांना फोन करून सांगा की मालक तोच आहे, फक्त नाव बदलतंय. बऱ्याच हरकती गैरसमजातून येतात. नोंद नामंजूर झालीच तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे ६० दिवसांत अपील आहे.

नोंद प्रमाणित झाल्यावर सातबारा पुन्हा काढा. जुनं नाव कंसात जाऊन नवं आलेलं असेल, शेजारी फेरफार क्रमांक. नव्या नावातलं ह्रस्व-दीर्घ तपासा. टंकताना पडलेली चूक मात्र खरोखरच १५५ चं प्रकरण आहे आणि त्यासाठी पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं. नव्या फेरफाराची प्रत जुन्या फेरफाराला टाचून ठेवा. दोन्ही नावांना जोडणारा सरकारी कागद तोच.

हे सगळं विक्रीआधी का? कारण तुम्ही विकल्यावर खरेदीदाराचा फेरफार लागताना, दस्तात विकणाऱ्याचं जे नाव आहे ते सातबाऱ्यावरच्या खातेदाराशी जुळवून पाहतात. दस्तात सासरचं नाव आणि सातबाऱ्यावर माहेरचं असलं तर 'विक्रेता खातेदार नाही' म्हणून नोंद अडकते. तोवर पैसे तुमच्याकडे आलेले असतात, आणि खरेदीदार रोज तुम्हाला फोन करतो. सुज्ञ खरेदीदार आधीच थांबतो, किंवा भाव पाडायला हे निमित्त धरतो.

बेशाकडच्या प्लॉटला नियमितीकरणाचं पत्र, म्हणजे ज्याला सगळे आरएल म्हणतात ते, वडिलांच्या नावाचं असेल. ते तुमच्या नावे करायला धावू नका. वडिलांचं आरएल, त्यानंतरचं बक्षीसपत्र, त्यानंतरचा फेरफार, अशी साखळी पुरते. नगर पंचायतीच्या टॅक्स पावतीवर मात्र नवं नाव लावून घ्या. तिथे फेरफाराची प्रत दाखवली की भागतं.

ज्यांची घरं नागपूरच्या जुन्या वस्त्यांत, नगर भूमापन झालेल्या भागात आहेत, त्यांच्याकडे सातबारा नाही, आखीव पत्रिका असते. कागद तेच, अर्ज तसाच, फक्त जातो नगर भूमापन अधिकाऱ्याकडे. तिथे परिरक्षण भूमापक नोंद लिहितो आणि नोटिशीची मुदत गेल्यावर ती मंजूर होते. अर्ज देण्याआधी आपला विभाग नेमक्या कोणत्या नगर भूमापन कार्यालयाकडे येतो ते विचारा, नागपुरात ती एकाहून जास्त आहेत. नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजवरचा प्लॉट असेल तर प्रन्यासच्या मालमत्ता विभागातही वेगळी नोंद लागते. नझूलची, म्हणजे शहरातली सरकारी जमीन असेल तर नझूल कार्यालयातही. ही दोन्ही भाडेपट्ट्याची प्रकरणं आहेत, आणि पट्ट्याच्या नूतनीकरणाच्या वेळी नाव जुळलं नाही तर फाइल परत येते. अशा प्लॉटांना नाव बदलाचा अर्ज पुढच्या नूतनीकरणापर्यंत लांबवू नये.

प्रतापनगरच्या फ्लॅटचं थोडक्यात.

कर्ज चालू आहे, म्हणून पहिल्यांदा बँक. मूळ विक्रीपत्र त्यांच्याकडेच असणार. गृहकर्जाच्या खात्यावर नवं नाव लावायला विवाह प्रमाणपत्र आणि पॅन द्या, म्हणजे व्याजाचा दाखला आणि तुमचं आयकर विवरण एका नावाने राहतं. कर्ज फिटल्यावर ते मूळ कागद कोणाच्या हाती देतात, हा प्रश्न तेव्हा निघू नये म्हणूनही हे आत्ताच.

मग महापालिकेचा टॅक्स. झोन कार्यालयात नाव दुरुस्तीचा अर्ज, चालू वर्षाची भरलेली पावती, इंडेक्स टू, विवाह प्रमाणपत्र आणि प्रतिज्ञापत्र. थकबाकी असेल तर आधी भरा. अर्जावर तुमच्या मिळकतीचा टॅक्सचा इंडेक्स नंबर टाका, तो टॅक्सच्या डिमांडवर असतो. दस्ताच्या इंडेक्स टूशी त्याचा काही संबंध नाही, आणि अर्जात दोन्हींची अदलाबदल झाली की फाइल भलत्याच घराला जोडली जाते. टॅक्सची पावती मालकीचा पुरावा नाही, हेही ध्यानात असू द्या. वीज आणि पाण्याच्या बिलावर नाव बदलायचं ते सोयीसाठी. महावितरणला अर्ज करताना मालकी बदलल्याचं नाही, त्याच ग्राहकाचं नाव बदलल्याचं लिहा, म्हणजे तुमची सुरक्षा ठेव तशीच पुढे चालते.

नागपुरातले बरेच फ्लॅट अपार्टमेंट कायद्याखाली येतात, सहकारी सोसायटीत नाही. तुमचा तसा असेल तर शेअर सर्टिफिकेट नसतंच. असोसिएशनच्या नोंदवहीत नाव बदलायला एक पत्र पुरतं. सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेटच्या मागे नोंद करून घ्या. त्यासाठी ट्रान्सफर फी किंवा प्रीमियम मागितला तर देऊ नका, कारण ट्रान्सफर झालेलंच नाही. काही इमारतींत फ्लॅटधारकांची नावं अविभक्त हिश्श्यासह आखीव पत्रिकेवर लागलेली असतात. तुमचं तिथे असेल तर तो अर्ज फ्लॅट विकायच्या वेळी करा. आज घाई नाही.

सासऱ्यांच्या सूचनेबद्दल. नावात पतीचं नाव येणं आणि मिळकतीवर पतीचं नाव लागणं या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत. सातबाऱ्यावर तुमच्या नावाच्या मधे नवऱ्याचं नाव आलं म्हणून त्यांना प्लॉटमध्ये काहीही हक्क मिळत नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम १४ प्रमाणे स्त्रीची मिळकत पूर्णपणे तिची असते, मग ती बक्षिसाने आलेली असो की स्वतः घेतलेली. नवऱ्याला सहमालक करायचं असेल तर त्यासाठी बक्षीसपत्र करावं लागतं, ते नोंदवावं लागतं, आणि तो सर्वस्वी तुमचा निर्णय. नाव दुरुस्तीच्या अर्जात दोन नावं घालून ते होत नाही. कोणी तसा अर्ज पुढे केला तर सही करू नका. विकायच्या प्लॉटवर तर सहमालक वाढवण्यात काहीच अर्थ नाही, सह्या तेवढ्या वाढतील.

शेवटी विक्रीचा दिवस. फेरफार झाला असला तरी नव्या विक्रीपत्रात तुमचं नाव असं लिहायला सांगा: 'सौ. (आत्ताचं पूर्ण नाव), विवाहापूर्वीचे नाव कु. (माहेरचं पूर्ण नाव)'. आणि मिळकत कशी आली हे सांगणाऱ्या परिच्छेदात बक्षीसपत्राचा दस्त क्रमांक, विवाह नोंदणी क्रमांक, गॅझेटची तारीख आणि दोन्ही फेरफार क्रमांक एकापाठोपाठ. दस्तलेखक 'हे कशाला' म्हणतील, तरी घालायला लावा. खरेदीदार कर्ज काढत असेल तर त्याच्या बँकेचा वकील मागच्या तीस वर्षांचा शोध घेतो आणि नेमकं हेच शोधतो. मसुदा त्याला आधी पाठवा, रजिस्ट्रीच्या टेबलावर पहिल्यांदा दाखवू नका. ओळखदार म्हणून तुम्हाला दोन्ही नावांनी ओळखणारं कोणी असेल, माहेरचा भाऊ किंवा जुनी मैत्रीण, तर त्यांनाच घेऊन जा.